बर्फ, विमान आणि ऑडिशन: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जानेवारी उजाडला की अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षात असलेल्या नाटकवेड्या मुलांची आणि त्यांच्या आईबाबांची पळापळ सुरू होते. अभिनय किंवा म्युझिकल थिएटर या विषयांत बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) पदवी देणारी बहुतेक नावाजलेली कॉलेजं नुसत्या मार्कांवर प्रवेश देत नाहीत. आधी व्हिडिओची प्रीस्क्रीन फेरी असते आणि त्यातून निवडलेल्यांची ऑडिशन होते, तीही नेमकी बर्फाच्या दिवसांत. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी याच विषयावर आहेत. अभिनय कसा करावा हे मुलांचे शिक्षक सांगतील. आम्ही इथे प्रवास, घसा, बॅग आणि कागदपत्रं यांबद्दल बोलणार आहोत. मुलं बऱ्याचदा तयारीत कमी पडत नाहीत, दमून जातात. आणि दमणूक टाळणं आईबाबांच्या हातात असतं.

मुलीला आठ कॉलेजांनी प्रीस्क्रीनमधून पुढे बोलावलंय. प्रत्येक कॅम्पसवर जाणं परवडणार नाही. युनिफाइड्सला एकदाच जाऊन सगळं उरकेल का? – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

सगळं नाही, पण बरंचसं उरकेल. नॅशनल युनिफाइड ऑडिशन्समध्ये अनेक कॉलेजं जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत ठरावीक शहरांत एकत्र येतात. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस ही त्यांची नेहमीची शहरं. युनिफाइड्सच्या यादीत नसलेली कॉलेजंही त्याच दिवसांत आसपास खोल्या भाड्याने घेऊन ऑडिशन घेतात. कोणतं कॉलेज कुठल्या शहरात येणार हे दर वर्षी बदलतं, त्यामुळे गेल्या वर्षी गेलेल्या मैत्रिणीच्या यादीवर विसंबू नका. आठही कॉलेजांची पानं स्वतः उघडून बघा.

तुम्ही एडिसनला आहात ही जमेची बाजू. न्यूयॉर्कच्या ऑडिशन्स बहुधा मिडटाउनमधल्या भाड्याच्या स्टुडिओंत होतात, म्हणजे ट्रेनने जाऊन-येऊन जमेल आणि मुलगी स्वतःच्या गादीवर झोपेल. आमचं मत विचाराल तर अगदी मनापासून हवी असलेली दोन कॉलेजं कॅम्पसवर करा आणि उरलेली न्यूयॉर्कला. कॅम्पसवर तिथली मुलं, त्यांचे वर्ग, कधी तालीमही बघायला मिळते. चार वर्षं जिथे काढायची ती जागा फेब्रुवारीच्या करड्या उजेडात बघितलेलीच बरी.

वेळापत्रक मात्र जपून आखा. म्युझिकल थिएटरच्या एका ऑडिशनमध्ये गाणं, मोनोलॉग (एकट्याने म्हणायचा नाटकातला उतारा) आणि डान्स कॉल (गटाने द्यायची नाचाची चाचणी) असं तिन्ही असतं. अशा दोनपेक्षा जास्त ऑडिशन्स एका दिवसात नकोत. फक्त अभिनयाच्या असतील तर तीन चालतील. डान्स कॉलची वेळ गटाची असते आणि सहसा हलत नाही, म्हणून कागदावर आधी ती मांडा आणि बाकीचे स्लॉट तिच्या अवतीभवती बसवा. दोन स्लॉटमध्ये किमान दीड तास मोकळा ठेवा. परीक्षक मागे पडतात, लिफ्टपाशी रांग लागते, शिवाय आधीची ऑडिशन मनातून जायलाही वेळ लागतो.

प्रत्येक कॉलेजसाठी एक ओळ असलेला तक्ता करा. तारीख, वेळ (कोणत्या टाइम झोनची तेही), पत्ता आणि मजला, किती मोनोलॉग, प्रत्येकाला किती सेकंद, गाण्याचा किती बारचा (मात्रागटांचा) कट, म्हणजे निवडलेला तुकडा, पियानोवादक आहे की स्वतःचा ट्रॅक न्यायचा, बूट कुठले, अडचण आली तर कुणाला ईमेल करायचा. एक कॉलेज ६० सेकंद म्हणतं, दुसरं ९०. एकाला समकालीन मोनोलॉग चालतो, दुसऱ्याला शेक्सपिअरच हवा असतो. आठ कॉलेजांच्या आठ तऱ्हा डोक्यात राहत नाहीत आणि चुकीचा कट म्हणायला सुरुवात झाली की मूल मध्येच अडखळतं.

आणखी एक खड्डा: विद्यापीठाचा अर्ज आणि नाट्यविभागाचा अर्ज बहुतेक ठिकाणी वेगळे असतात. पोर्टल वेगळं, फी वेगळी, मुदतही वेगळी. कॉमन अ‍ॅप (अनेक विद्यापीठांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) भरलं म्हणजे झालं असं समजून बसलेल्यांचा स्लॉट हुकतो. प्रीस्क्रीनचा होकार आला की त्याच दिवशी स्लॉट घ्या; शनिवारचे सगळ्यात आधी जातात.

मुलाची शिकागोला शनिवारी सकाळी ९ वाजता ऑडिशन आहे. शुक्रवारी शाळा करून संध्याकाळच्या विमानाने निघालो तर चालेल ना? – एक बाबा, सॅन होझे

नाही चालणार. हवामान सोडा, आधी घड्याळ बघा. शिकागोचे सकाळचे ९ म्हणजे तुमच्याकडचे ७. त्याआधी अंग आणि आवाज मोकळे करायला दीड तास लागतो, म्हणजे मुलाला त्याच्या हिशेबाने पहाटे ५ ला उठायचं आहे. ते आदल्या मध्यरात्री हॉटेलात पोचून! गुरुवारी सकाळी निघा आणि शुक्रवार पूर्ण मोकळा ठेवा. शाळेला निदान तीन आठवडे आधी लेखी कळवा. कॉलेज भेटीसाठी माफ असलेल्या गैरहजेरीचे दिवस प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये वेगळे असतात आणि फॉर्म बहुतेकदा आधीच मागतात.

आता विमान. दिवसाचं पहिलं विमान घ्या, कारण ते बहुधा रात्रीच तिथे येऊन उभं असतं. दुपारनंतरचं विमान कुठून तरी येणार असतं आणि सकाळपासूनचा सगळा उशीर सोबत घेऊन येतं. जास्त पैसे पडले तरी थेट विमान घ्या. कनेक्शन घ्यावंच लागलं तर दुसरं विमान त्या मार्गावरचं दिवसातलं शेवटचं नसावं. ते चुकलं की रात्र विमानतळावर. बर्फ पडत असताना पंखांवर डी-आयसिंगचं द्रव फवारतात आणि त्याचा परिणाम ठरावीक वेळच टिकतो. उड्डाणाच्या रांगेत त्याहून जास्त वेळ गेला तर विमान परत फवारणीला. ‘दार बंद होऊन तास झाला, विमान जागचं हलेना’ यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

तिकिटं जायचं आणि यायचं अशी दोन स्वतंत्र काढा. रिटर्न तिकिटातली पहिली फेरी तुम्ही वापरली नाहीत आणि ट्रेनने किंवा गाडीने गेलात, तर कंपनी परतीची फेरीही आपोआप रद्द करते. कितीतरी लोकांना हे परतीच्या काउंटरवर कळतं. कनेक्शन असेल तर मात्र दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडली असतील तर पहिलीच्या उशिराची दुसरीला फिकीर नसते. बेसिक इकॉनॉमी, म्हणजे सगळ्यात स्वस्त पण सहसा बदलता न येणारं तिकीट, या प्रवासासाठी घेऊच नका. बदल करायची वेळ आली की वाचवलेले पैसे व्याजासकट जातात.

मोठं वादळ येणार असलं की विमान कंपन्या एक-दोन दिवस आधी ट्रॅव्हल वेव्हर जाहीर करतात. ठरावीक विमानतळ, ठरावीक तारखा, आणि त्या मुदतीत भाड्याचा फरक न देता विमान बदलता येतं. वेव्हर दिसताक्षणी आधीच्या दिवसाचं विमान पकडा. थांबून बघणाऱ्यांना जागा उरत नाही. कंपनीने विमान रद्द केलं, किंवा देशांतर्गत विमान तीन तास किंवा जास्त मागे पडलं आणि तुम्ही पर्यायी विमान नाकारलंत, तर केंद्रीय नियमाप्रमाणे पैसे परत मिळतात. व्हाउचर घ्यायची सक्ती नाही. हवामानामुळे अडकलात तर हॉटेलचा खर्च मात्र कंपनी देत नाही. ज्या क्रेडिट कार्डाने तिकीट काढताय त्यात प्रवास-विलंबाचा विमा आहे का, ते आधी बघून ठेवा.

विमान रद्द झालंच तर एक काम रांगेत उभं राहून करायचं आणि एक फोनवर. तुम्ही रांगेत उभे राहा. मुलाने नाट्यविभागाच्या ऑडिशन समन्वयकाला ईमेल लिहावा, आणि तो त्यानेच लिहावा. विषयाच्या ओळीत नाव, अर्ज क्रमांक, स्लॉटची तारीख-वेळ. मजकुरात फ्लाइट नंबर, ते रद्द झाल्याची एक ओळ आणि ‘त्याच दिवशी उशिराचा स्लॉट मिळेल का, नाहीतर ऑनलाइन किंवा दुसऱ्या तारखेला?’ एवढंच. वादळाच्या दिवशी असे ईमेल त्यांच्याकडे ढिगाने येतात आणि कॉलेजं सहसा मार्ग काढतात. न कळवता गैरहजर राहिलेल्यासाठी मात्र कुणी काही करू शकत नाही.

परतीचं विमान रविवारचं ठेवा. काही कॉलेजं त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी कॉलबॅक देतात, म्हणजे पुन्हा बोलावतात. ‘बाबा, आपलं विमान सातचं आहे’ हे मुलाने त्या क्षणी म्हणायची पाळी येऊ नये. ओ’हेअर विमानतळाहून लूपमध्ये (शहराच्या मध्यभागी) जायला बर्फात टॅक्सीपेक्षा ब्लू लाइनची ट्रेन बरी, पाऊण तासाच्या आसपास लागतो. हॉटेल ऑडिशनच्या जागेपासून चालत पाच मिनिटांवर हवं. अर्ध्या मैलावरचं स्वस्त हॉटेल शिकागोच्या वाऱ्यात फार लांब वाटतं.

आम्ही गाडीने सिराक्यूजला जाणार आहोत. काय खबरदारी घ्यावी? – एक वाचक, पार्सिपनी, न्यू जर्सी

एरवी चार तासांचा हा रस्ता फेब्रुवारीत सहा-सात तासांचाही होतो. सिराक्यूजमध्ये हिवाळ्यात सरासरी १०० इंचांहून जास्त बर्फ पडतो आणि त्यातला बराचसा लेक इफेक्टचा असतो. ऑन्टेरिओ तलावाच्या न गोठलेल्या, मानाने उबदार पाण्यावरून थंड वारा येतो, बाष्प उचलतो आणि अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. त्यामुळे वाटेतल्या बिंगहॅम्टनला ऊन आणि पुढे आय-८१ महामार्गावर समोरची गाडी दिसत नाही, असंही होतं. फोनवरचा शहराचा अंदाज पुरत नाही. निघताना आणि वाटेत थांबून ‘५११ एनवाय’ या राज्याच्या रस्ते-माहिती सेवेवर रस्त्याची स्थिती बघा. नॅशनल वेदर सर्व्हिसचा ‘विंटर स्टॉर्म वॉच’ म्हणजे वादळाची शक्यता आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे ते आलं किंवा येऊन ठेपलं. वॉचला एक दिवस आधी निघा. वॉर्निंगला निघू नका.

गाडीत उणे तापमानाला न गोठणारं वॉशर फ्लुइड पूर्ण भरलेलं हवं आणि जास्तीचा एक गॅलन डिकीत. रस्त्यावरच्या मिठाचा चिखल काचेवर उडतो आणि फ्लुइड संपलं की दहा मिनिटांत समोरचं काही दिसेनासं होतं. लांब दांड्याचा ब्रश-स्क्रेपर, छोटं फावडं, चाकाखाली टाकायला वाळू, माणशी एक ब्लँकेट, टॉर्च, पाणी, खायला काहीतरी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. पुलांवर हवा वरून आणि खालून लागते, म्हणून तिथे बर्फाचा न दिसणारा थर सगळ्यात आधी धरतो. पुलावर ब्रेक दाबायचा नाही. ऑडिशन संपली की त्याच रात्री परतायचा मोह टाळा. मूल मागे झोपेल, पण गाडी चालवणाराही दिवसभर ताणाखाली असतो.

हॉटेलात एक रात्र काढली की मुलीचा घसा बसतो. गाण्याच्या ऑडिशनला काय करू? – एक आई, ह्यूस्टन

हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांत आहे आणि बहुतेक घरी त्यावर हळद-दूध हा एकच उपाय चालू आहे. हळद-दूध द्या, पण दुखण्याचं मूळ हवेत आहे. बाहेर १४ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे १० सेल्सिअस असताना त्या हवेत बाष्प मुळातच कमी. तीच हवा खोलीत ७२ अंशांपर्यंत तापवली आणि ओलावा घातला नाही, तर सापेक्ष आर्द्रता १० टक्क्यांच्या आसपास येते. विमानातही ती बहुधा २० टक्क्यांच्या खालीच असते. स्वरपट्ट्यांवरचा ओला थर अशा हवेत वाळतो, मग तोच स्वर काढायला जास्त जोर लावावा लागतो आणि जोर लावला की सूज येते.

खोलीत शिरल्याबरोबर थर्मोस्टॅट ६६ ते ६८ वर आणा आणि वर पांघरूण जास्त घ्या. बाथटबमध्ये कढत पाणी भरून बाथरूमचं दार उघडं ठेवा. दोन मोठे टॉवेल भिजवून, पिळून खुर्चीच्या पाठीवर पसरा. सकाळी ते खडखडीत वाळलेले दिसले की रात्रभर हवेनं किती पाणी ओढलं ते कळतं. यूएसबीवर चालणारा छोटा ह्युमिडिफायर नेत असाल तर त्यात डिस्टिल्ड पाणी घाला. नळाच्या पाण्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे हवेत उडतात. जलनेती करणाऱ्यांनी तर नळाचं पाणी अजिबात वापरू नये. डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलंच हवं, नळाच्या पाण्यातले जंतू नाकावाटे आत जाणं धोक्याचं असतं. ते सगळं नको असेल तर सलाइनचा नाकात मारायचा स्प्रे पुरतो.

प्यायलेलं पाणी स्वरपट्ट्यांना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. त्याचा ओलावा शरीरातून फिरून घशापर्यंत यायला काही तास लागतात. म्हणजे पाणी आदल्या दिवशी सकाळपासून घोट-घोट प्यायचं. ऑडिशनच्या दारात बाटलीभर गटगटा प्यायलं तर फक्त बाथरूमला धाव घ्यावी लागते. स्वरपट्ट्यांपर्यंत थेट पोचते ती वाफ. सकाळी दहा मिनिटं गरम शॉवरच्या वाफेत उभं राहणं सगळ्यात सोपं.

मेंथॉलच्या गोळ्या टाळा. त्यांनी घसा सुन्न होतो आणि ताण पडतोय हे गाणाऱ्याला कळतच नाही. ज्येष्ठमधाची काडी किंवा मेंथॉल नसलेली साधी चघळायची गोळी चालेल. सर्दीवरची नाक मोकळं करणारी औषधं आणि अँटिहिस्टामिन घसाही कोरडा करतात. अंग दुखत असेल आणि त्याच दिवशी जोरात गायचं असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनऐवजी अ‍ॅसिटामिनोफेन (पॅरासिटामॉल) घ्यावं की काय, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. पहिल्या दोन औषधांनी रक्त पातळ राहतं आणि ताणलेल्या स्वरपट्टीत रक्तस्रावाची शक्यता वाढते, म्हणून गायक ती टाळतात. रात्री उशिरा तिखट-तेलकट जेवणं नको. आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड होतो. झोपण्याच्या तीन तास आधी जेवण आटपा.

हॉटेलात सकाळी सहाला ताना मारता येत नाहीत, शेजारी तक्रार करतात. त्यावर उत्तम तोड म्हणजे स्ट्रॉ. अर्ध्या भरलेल्या बाटलीत स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवायची आणि तिच्यातून फुंकत, बुडबुडे काढत खालून वर, वरून खाली गुणगुणायचं. पाच मिनिटं, मग थोडं थांबून पुन्हा. आवाज खोलीबाहेर जात नाही आणि स्वरपट्ट्या अलगद जाग्या होतात. बाहेरून आल्यावर लगेच गायचं नाही. नाका-तोंडावर स्कार्फ, श्वास नाकाने, आणि आत आल्यावर २० ते ३० मिनिटं अंग उबेला येऊ द्यायचं. लॉबीत शंभर मुलं गलका करत असतात. त्या गोंगाटावर आवाज चढवून मारलेल्या गप्पा गाण्यापेक्षा जास्त घसा खातात. कुजबुजूनही बोलायचं नाही, त्यातही ताण पडतोच. सरळ हेडफोन घालून गप्प बसायचं.

बॅगेत काय काय हवं? – एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

पहिला नियम असा की ऑडिशनचे कपडे, बूट आणि नोटेशनची फाइल कधीही चेक-इन सामानात टाकायची नाही. हातातल्या बॅगेत ऑडिशनचा एक पूर्ण जोड आणि डान्सचा एक, बॅले व जॅझचे बूट, मागितले असतील तर टाचांचे कॅरेक्टर शूज आणि टॅप, दोन लोकरी मोज्यांचे जोड, हेडशॉट (चेहऱ्याचा फोटो) आणि रेझ्युमेच्या कॉलेजांच्या संख्येपेक्षा चार जास्त प्रती. हॉटेलची इस्त्री कपड्यावर डाग पाडते. छोटा स्टीमर बरा. बाहेरचे स्नो बूट आत मिठाचं पाणी गाळतात, त्यांच्यासाठी एक जाड प्लास्टिकची पिशवी.

फाइलबद्दल थोडं जास्त. पियानोवादक तुमच्या मुलाचं गाणं त्या क्षणी पहिल्यांदा बघतो. पानं तीन रिंगांच्या फाइलीत, पाठपोट, पानं कमीत कमी उलटावी लागतील अशी लावा. चकाकणारं प्लास्टिकचं आवरण नको, दिव्याखाली त्यात काही दिसत नाही. फोटोकॉपी काढताना सगळ्यात खालची ओळ, म्हणजे डाव्या हाताचं वादन, कागदाबाहेर जातं. हे फार वेळा होतं, म्हणून प्रत्येक पानाचा तळ तपासा. कट जिथून सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे ठळक खूण करा. मधला गाळलेला भाग नुसता खोडू नका, कापून-चिकटवून नवी प्रत काढा. स्वर मुलाच्या पट्टीतच लिहिलेले हवेत. ‘दोन सूर खाली वाजवा’ असं तिथे सांगता येत नाही. लय सांगायला पहिल्या दोन ओळी हळू गुणगुणून दाखवायच्या. पियानोवादकासमोर चुटक्या वाजवल्या तर तो खोलीतल्या सगळ्यांनाच उद्धटपणा वाटतो. ट्रॅक न्यायचा असेल तर फोनमध्ये उतरवून घ्या, वायफायवर अवलंबून राहू नका. फोन एअरप्लेन मोडवर. गाण्याच्या मध्यात आजीचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल यायला नको.

मुलगी कथक शिकली आहे, नाट्यसंगीत गाते. ते दाखवावं का? आणि कुर्ता घातला तर? – एक आई, सिअ‍ॅटल

दाखवावं, योग्य जागी. म्युझिकल थिएटरच्या प्रीस्क्रीनमध्ये अनेक कॉलेजं वाइल्ड कार्ड नावाचा छोटा व्हिडिओ मागतात. तुमच्या मुलीबद्दल बाकी कशातून कळणार नाही ते त्यात दाखवायचं असतं. एखादी चक्रदार तिहाई किंवा नाट्यपदाची एक फिरत तिथे अगदी शोभते. पहिल्या दहा सेकंदांत सगळ्यात चांगलं आलं पाहिजे. आलापीत मिनिट घालवू नका. प्रत्यक्ष ऑडिशनला मात्र मागितलेलंच सादर करायचं. मोनोलॉग छापील नाटकातला, तिच्या वयाला साजेसा आणि इंग्रजीत. परीक्षकांनी ‘आणखी काय येतं?’ विचारलं तर कथक तयार असू द्या.

कुर्ता चालेल, रंग एकच आणि साधा असेल, हात उंचावता येत असतील तर. ओढणी, बांगड्या, पैंजण, लोंबते कानातले नकोत. त्यांचा आवाज होतो आणि परीक्षकाचं लक्ष तिकडे जातं. केस चेहऱ्यावरून मागे.

नावाचं म्हणाल तर तिने आपलं नाव पूर्ण, सावकाश आणि आपल्याच उच्चारात सांगावं. परीक्षकांना सोपं जावं म्हणून ऐन वेळी तोडकं नाव सांगितलं तर ते यादीतल्या नावाशी जुळत नाही.

आम्ही आत बसू शकतो का? बाहेर नेमकं काय करायचं? – आईबाबा, डॅलस

आत नाही. दारालाही कान लावू नका, बाहेर बसलेल्या विद्यार्थी-मदतनिसांना ते दिसतं. पालकांसाठी बहुतेक ठिकाणी माहितीसत्र असतं, तिथे जा आणि विचारायचंच तर हे विचारा: पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर काही मुलांना कमी करण्याची पद्धत आहे का? एका वर्गात किती मुलं घेता? पहिल्या वर्षी रंगमंचावर काम करायची परवानगी असते का? दुखापत झाली किंवा आवाज गेला तर वर्षाचं काय? दुसरा विषय जोडून घेता येतो का? कमी करण्याबद्दलचा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘माझ्या मुलीचं कसं झालं?’ हे मात्र कुणालाही विचारायचं नाही.

मूल बाहेर आलं की कॉरिडॉरमध्ये आणि लिफ्टमध्ये काही बोलू नका. परीक्षक तिथूनच ये-जा करतात. ‘कसं झालं?’ऐवजी ‘काय खायचं?’ विचारा. मुलं सांगायची तेव्हा सांगतात. परीक्षकाने मध्येच थांबवलं म्हणून मूल रडवेलं झालं असेल, तर थांबवण्याची कारणं बरीच असतात हे त्याला माहीत असू द्या. वेळ संपलेली असते किंवा हवं ते बघून झालेलं असतं. ‘हेच आता गुपित सांगतोयस असं म्हण’ असं सांगून पुन्हा करायला लावलं तर मूल सूचना किती चटकन घेतं ते त्यांना बघायचं असतं. त्यात पहिला प्रयोग फसला असा अर्थ नाही.

मुलगा १७ वर्षांचा आहे. एकटा पाठवू का? – एक आई, अटलांटा

विमानाने एकटा जाऊ शकतो, अडतं ते हॉटेलात. खोली देण्याचं किमान वय हॉटेलागणिक १८ किंवा २१ असतं आणि नुसत्या बुकिंगवर १७ वर्षांच्या मुलाला चावी मिळत नाही. काका-मावशीबरोबर पाठवणार असाल तर उपचारांना संमती देणारं नोटरी केलेलं पत्र आणि विमा कार्डाची प्रत द्या. १८ पूर्ण झालेल्यांना देशांतर्गत विमानासाठी रिअल आयडी (केंद्रीय निकषांत बसणारा वाहन परवाना किंवा राज्याचं ओळखपत्र), पासपोर्ट किंवा तसं दुसरं मान्य ओळखपत्र लागतं.

आम्ही एच-४ वर (नोकरदाराच्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारा व्हिसा) आहोत. ऑडिशनला काही अडचण? – एक बाबा, शार्लट

ऑडिशनला नाही, पैशांना आहे. एच-४ वरच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती किंवा गुणवत्तेवरची, ऑडिशनवर ठरणारी सवलत मिळू शकते, ती प्रत्येक ठिकाणी लेखी विचारा. राज्यातल्या रहिवाशांची फी लागू होईल का, हे राज्याराज्यावर अवलंबून असतं. २१ पूर्ण होताच एच-४ संपतो, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या मध्येच. त्याआधी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) चं काय करायचं ते इमिग्रेशन वकिलाशी आताच बोला. प्रवासात पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीची) प्रत जवळ ठेवा.

आदल्या रात्री ताप आला तर? – एक आई, कोलंबस, ओहायो

ताप असेल तर जाऊ नका. रात्रीच समन्वयकाला ईमेल करा, नवी तारीख किंवा व्हिडिओचा पर्याय मागा. सर्दीच असेल आणि आवाज थोडा जड असेल तर जावं, पण आत गेल्यावर ‘मला बरं नाहीये’ अशी सुरुवात करू नये. जड आवाजाआडचा चांगला आवाज परीक्षकांना ऐकू येतो. गाणं खालच्या पट्टीतलं आणि सोपं निवडता यावं म्हणून फाइलमध्ये दुसरा कट आधीपासून तयार ठेवा. डान्स कॉलला घोटा मुरगळलेला असेल तर तसं दारातच सांगा. बसून बघायची परवानगी बहुधा मिळते, पण तिथल्या मदतनिसाकडून ती नोंद परीक्षकांपर्यंत गेली की नाही, हे मुलाने निघताना विचारून घ्यावं.